एक गाणं, तीन वादक: जॅझ पियानो ट्रिओची गोष्ट



आज आपण जॅझमधल्या एका छोट्या मेळाविषयी बोलणार आहोत. पियानो, डबल बेस आणि ड्रम्स, एवढीच तीन वाद्यं. याला पियानो ट्रिओ म्हणतात. गंमत अशी, की हे तिघं वाजवतात ती गाणी बहुतेक वेळा त्यांची नसतातच. साधारण १९२० ते १९५० या काळात ब्रॉडवेच्या संगीत नाटकांमधून आणि हॉलिवूडच्या चित्रपटांमधून जी गाणी लोकांच्या तोंडी बसली, तीच ही गाणी. जॅझवाले त्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात. आता प्रश्न असा, की नवं काही करू पाहणाऱ्या माणसाने पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या जुन्या गाण्याकडे का यावं? माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. तिघांना एकाच वेळी मोकळं व्हायचं असेल, तर तिघांच्याही मनात आधीपासून एकच गोष्ट पक्की असावी लागते. स्टँडर्ड ही ती गोष्ट. पण हे जॅझवाल्यांना पहिल्या दिवशी उमगलं नाही. त्याला काही दशकं लागली.

आपल्याकडचा श्रोता लगेच म्हणेल, की स्टँडर्ड म्हणजे त्यांची बंदिश. हे अर्धं खरं आहे. बंदिशीसारखंच स्टँडर्डही छोटं असतं, पाठ असतं, आणि ते वाजवून झाल्यावर खरा विस्तार सुरू होतो. पण विस्तार कशाचा? आपण राग मांडतो. जॅझमध्ये मूळ चाल बाजूला राहते आणि तिच्याखालच्या कॉर्ड्सची, म्हणजे स्वरसंगतींची, साखळी तेवढी फिरत राहते. बहुतेक गाण्यांत ती ३२ बारची असते, म्हणजे चार-चार मात्रांचे ३२ खण. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. वादक कितीही लांब भटकला तरी आपण कितव्या खणात आहोत हे तिघांनाही ठाऊक असतं.

आता इतिहास बघू. सुरुवातीच्या नावाजलेल्या ट्रिओंमध्ये ड्रम्स नव्हतेच. नॅट किंग कोलने १९३७ च्या सुमारास पियानो, गिटार आणि बेस असा मेळ जमवला. १९४० च्या दशकात आर्ट टेटमनेही तीच रचना घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे बँड पोसणं परवडेना, छोट्या क्लबांमध्ये छोटे मेळ आले, आणि हळूहळू गिटारच्या जागी ड्रम्स आले. बड पॉवेलच्या १९४७ च्या ध्वनिमुद्रणांत आजचा ट्रिओ दिसतो. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. पियानो बोलायचा आणि बाकीचे सोबत करायचे. बेसने प्रत्येक मात्रेवर एक स्वर टाकत चालायचं आणि ड्रमवाल्याने लय धरायची. चोख काम होतं, पण मालक एकच.

यात पहिला मोठा बदल केला अहमद जमालने. जानेवारी १९५८ मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात इस्रायल क्रॉसबी आणि व्हर्नेल फोर्निए यांच्यासोबत त्याने जे वाजवलं, त्याची तबकडी लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे टिकली. त्यातलं 'पॉइन्सियाना' ऐका. जमाल कमी वाजवतो. तो थांबतो आणि त्या मोकळ्या जागेत बेस व ड्रम्स ऐकू येतात. काही समीक्षकांनी हे हॉटेलातलं हलकंफुलकं वादन म्हणून उडवून लावलं. माइल्स डेव्हिसने मात्र त्याची थोरवी ओळखली आणि आपल्या वादकांना जमाल ऐकायला लावला.

जमालने जागा दिली खरी, पण ती कोणी कशी भरायची हे तोच ठरवत होता. पुढचं पाऊल बिल एव्हन्सचं. २८ डिसेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एव्हन्स, बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन यांनी 'पोर्ट्रेट इन जॅझ' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिच्यात 'ऑटम लीव्ह्ज' आहे. ही चाल हंगेरीत जन्मलेल्या जोझेफ कोस्माची. तिला फ्रेंच शब्द झाक प्रेव्हेरचे आणि पुढे इंग्रजी शब्द जॉनी मर्सरचे. १९५५ मध्ये रॉजर विल्यम्सच्या पियानोवर ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. म्हणजे १९५९ पर्यंत हे गाणं ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं होतं.

आणि नेमकं तेच एव्हन्सच्या उपयोगी पडलं. चाल वाजवून होते, आणि मग अपेक्षित असं काहीच घडत नाही. बेस चालायला नकार देतो. लाफारो एक वाक्य टाकतो, पियानो त्याला तुटक उत्तर देतो, मोशन लय मोजून दाखवण्याऐवजी मध्येच एखादी खूण करतो. काही काळ लय कोणीच उघडपणे धरत नाही, तरी ती सुटत नाही. का? कारण ते ३२ खण तिघांच्याही मनात चालू आहेत, आणि ऐकणाऱ्याच्याही. गाणं अनोळखी असतं तर हा गोंधळ वाटला असता.

तत्त्वज्ञान शिकवताना स्वातंत्र्य आणि नियम ही जोडी नेहमी समोर यायची. आपण समजतो, की एक वाढलं की दुसरं कमी होतं. हे वादन ऐकताना तसं म्हणता येत नाही. नियम बाहेर वाजवून दाखवायची गरज उरली नाही, कारण तो प्रत्येकाच्या आत होता. तिघांपैकी एकाला जरी गाण्याचा विसर पडला असता, तर दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा पहारेकरी व्हावं लागलं असतं. समता इथे सदिच्छेने आली नाही. ती तयारीने आली.

ही तयारी किती नाजूक असते तेही सांगायला हवं. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये या तिघांनी दुपारी आणि रात्री मिळून पाच बैठका वाजवल्या. त्या ध्वनिमुद्रित झाल्या. पेल्यांची किणकिण आणि लोकांच्या गप्पा त्यात आजही ऐकू येतात. 'माय फूलिश हार्ट' हे १९४९ च्या चित्रपटातलं गाणं तिथे इतक्या संथ लयीत वाजतं, की पुढचा स्वर येईल की नाही असं वाटावं. बरोबर अकरा दिवसांनी, ६ जुलै रोजी, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. एव्हन्सने त्यानंतर कित्येक महिने जाहीर वादन जवळजवळ थांबवलं. बेसवादक न्यूयॉर्कमध्ये पुष्कळ होते. पण जो सोबत करतो त्याची जागा भरता येते. जो बरोबरीने बोलतो त्याची तशी भरता येत नाही.

ही वाट पुढे बंद पडली नाही. १९८३ मध्ये कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि जॅक डिजॉनेट एकत्र आले. त्या काळात अनेकांना जुनी गाणी कालबाह्य वाटत होती. त्यांनी ठरवून स्टँडर्ड्सच वाजवली आणि सुमारे तीस वर्षं वाजवली. त्यांच्या पहिल्याच तबकडीत जेरोम कर्नचं 'ऑल द थिंग्ज यू आर' आहे. हे गाणं १९३९ च्या ज्या नाटकातलं, ते नाटक ५९ प्रयोगांत बंद पडलं होतं. नाटक लोक विसरले आणि गाणं वादकांनी जगवलं.

एक विनंती करतो. घरी गेल्यावर 'ऑटम लीव्ह्ज' आधी कोणा गायकाच्या आवाजात दोनदा ऐका, चाल पाठ होऊ द्या. मग एव्हन्सचं लावा आणि पियानो सोडून फक्त बेसकडे कान द्या. मी इथे बोललो त्यापेक्षा जास्त तुम्हाला लाफारो सांगेल.