बारसे आधी, जन्म मागून

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बंगलोर हे नाव सरकारदप्तरी मावळले आणि बेंगळुरू हे कानडी नाव रूढ झाले. नगर तेच राहिले, नाव तेवढे पालटले. याच नगरात २००१ साली ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद प्रथम भरली. संगणकास चालता ठेवणाऱ्या मूळ प्रणाली हा तेथील चर्चेचा विषय. त्या प्रणालींच्या जगातील रीत मात्र उलटी : तेथे अंतरंग पालटले की नवे नाव मिळते, आणि तेही आवृत्ती जन्मास येण्यापूर्वीच.

या रीतीच्या मुळाशी एक फजिती आहे. इयान मरडॉक यांनी १९९३ साली आरंभिलेली डेबियन ही प्रणाली १९९५ च्या अखेरीस १.० या क्रमांकाच्या उंबरठ्यावर होती. तोच एका विक्रेत्याने तिचे अर्धवट रूप तबकडीवर उतरविले आणि ‘१.०’ म्हणून विकावयास काढले. खरी आवृत्ती अद्याप यावयाची होती. परंतु तिचा क्रमांक आधीच बदनाम झाला. तेव्हा डेबियनने तो आकडाच सोडून दिला. १७ जून १९९६ रोजी प्रकट झाली ती १.१. तिचे नाव ‘बझ’.

आकडा दिसला की वस्तू पुरी झाली, असे लोक समजतात. नाव तसा भरवसा देत नाही. म्हणून घडणीच्या काळात केवळ नाव असावे, क्रमांक सिद्धतेनंतरच चढवावा, असा दंडक पडला. तेव्हाचे धुरीण ब्रूस पेरेन्स पिक्सार चित्रसंस्थेत होते. साहजिकच नावे आली ती तिच्या ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील पात्रांची. सदैव अस्थिर शाखेला तर खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या पोराचे, सिडचे, नाव मिळाले!

डेबियनच्याच पायावर सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ प्रणाली उभारली, तेव्हा खेळण्यांच्या जागी तरंग, अनंत, तेजस अशी नावे आली. पुढे उन्नती, ऊर्जा, प्रज्ञा. गूगलने २०१९ साली अँड्रॉइडची मिठायांची नावे लोकव्यवहारातून काढली, कारण ती सर्व देशांत समजत नसत. कारखान्याच्या आत मात्र ती चालूच राहिली.

मराठी घरात मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशी बारसे होते. येथे बारसे आधी, जन्म मागून. नाव ही कारागिरांची आपसातील खूण. क्रमांक हे ग्राहकास दिलेले वचन, आणि ते वेळेपूर्वी देता येत नाही.