दारातला रांजण

उन्हाळा म्हटला की आता कूलर आठवतो, सुट्टीतली सहल आठवते. मला मात्र आठवतो आमच्या दारातला रांजण. अर्धा वाळूत पुरलेला, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलेला, वर लाकडी झाकण आणि झाकणावर उपडा ठेवलेला जर्मनचा पेला.

आमचं मुखेड नांदेड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांत. गावात चालुक्यकाळातलं दशरथेश्वराचं मंदिर आहे. त्याच्या दगडी सावलीत दुपारी कुणीही टेकावं, कुणी उठवत नसे. एप्रिल-मेमध्ये दगड असे तापत की अनवाणी पोरं सावलीसावलीनं उड्या मारत घर गाठायची. पण संध्याकाळी अंगणात सडा पडला, बाजा बाहेर निघाल्या की दिवसभराचा जाच विसरायला व्हायचा. आम्ही भावंडं माळवदावर झोपायचो. आधी पाण्याचे चार हबके मारायचे, माती निवली की वाकळ अंथरायची. शेजारच्या माळवदावर शेजारची पोरं. मध्ये हातभर अंतर. गप्पांना भिंत नव्हतीच.

उन्हाळ्याची चैन ती काय होती? ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, नदीकाठच्या वाळूतलं टरबूज. अढीतले गावरान आंबे पिकले की घरभर वास सुटायचा. त्या आंब्यांना झाडावरून नावं असायची. बडीशेपेच्या वासाचा तो शेप्या, शेंदरी रंगाचा तो शेंदऱ्या, लहानखुरा तो गोटी. पाहुण्याला रस खायला बोलावणं हा मोठा मान होता. याच दिवसांत गल्लीतल्या बाया मिळून शेवया करायच्या. आज आमच्या अंगणात, उद्या काकूंच्या. त्यांच्या घरी त्या शेवयांची खीर व्हायची, आमच्या घरी ईदचा शिरखुर्मा. गहू एकाच गिरणीतला, हातही तेच.

पण या सगळ्याच्या आधी पाणी. दारात कुणी आलं की आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. आमची दादीमा दखनीत म्हणायची, ‘‘पयले पानी देव, बाद में नाम पूछो.’’

रांजणातलं पाणी गार का होतं, हे मला शाळेत कळलं. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरतं, बाहेरच्या कोरड्या हवेनं त्याची वाफ होते आणि ती वाफ आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जेवढा गार, तेवढा तो पावसाळ्यातल्या दमट हवेत होत नाही. दादीमाला हे विज्ञान ठाऊक नव्हतं, पण गोणपाट वाळू द्यायचं नाही एवढं पक्कं ठाऊक होतं. पाणी गढूळ असलं तर ती माठाच्या आतून निवळीचं बी घासायची, नाहीतर तुरटी फिरवायची. तासाभरात गाळ खाली बसायचा.

ही वाटसरूला पाणी द्यायची रीत किती जुनी असेल? सम्राट अशोकानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एका स्तंभावर कोरून ठेवलं आहे, की मी रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, जागोजागी पाणपोया केल्या आणि हे सारं माणसांसाठी तसंच जनावरांसाठी केलं. गंमत अशी, की तो स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं टोपरा गावाहून दिल्लीला आणवला आणि आपल्या कोटल्यात उभा केला. आजही तो तिथेच आहे. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि प्रपा बांधल्या, असं त्यात नोंदलं आहे. प्रपा म्हणजे पाणी पाजण्याची जागा. आपल्या पाणपोईतली ‘पोई’ याच प्रपेची लेक.

इस्लामी जगात हीच गोष्ट ‘सबील’ या नावानं आहे. सबील म्हणजे खरं तर वाट. अल्लाहच्या वाटेवर दिलेलं ते पाणी, म्हणून पाण्याच्या जागेलाच सबील म्हणू लागले. कैरो शहरात १७४४ साली अब्दुर्रहमान कतखुदा यानं बांधलेली सबील अजून उभी आहे. खाली वाटसरूंसाठी पाणी आणि वर मुलांसाठी शाळा. आमच्याकडे मोहरमात सरबताची सबील लागते आणि अक्षय तृतीयेला पाण्यानं भरलेला माठ दान देतात. वाळवंटातला माणूस आणि डोंगरातला माणूस, दोघांना तहानेनं एकच धडा दिला.

इथवर सगळं गोड आहे. पण फक्त गोड सांगितलं तर ते खोटं होईल.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. अब्बांबरोबर बाजाराला निघालो होतो. ऊन मी म्हणत होतं. वाटेतल्या एका गावात एका घरी पाणी मागितलं. माउली तांब्या घेऊन बाहेर आली, ‘‘कुठले म्हणायचे?’’ असं विचारलं. अब्बांनी नाव सांगितलं. तिचा पुढे आलेला हात तिथेच थांबला. मग तिनं ओंजळ धरायला सांगितली आणि वरून धार सोडली. अब्बा प्यायले, मलाही पाजलं आणि म्हणाले, ‘‘लई गार पाणी आहे माय तुमचं.’’ वाटेत ते काहीच बोलले नाहीत. मला मात्र राग आला होता. तो राग पुष्कळ दिवस पुरला.

पण आमच्या घरात भिंतीला एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात एक वेगळा पेला होता. सरपण फोडायला, अंगण सारवायला जी माणसं दलित वस्तीतून यायची, त्यांच्यासाठी. आमच्या धर्मात असा भेद नाही, हे आम्ही अभिमानानं सांगत होतो आणि कोनाड्यातला पेलाही तसाच होता. दादीमाचा ‘बाद में नाम पूछो’ हा नियम तिथपर्यंत पोचला नव्हता.

पाण्यासाठी या देशात केवढी लढाई द्यावी लागली! सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ साली मंजूर केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या अनुयायांना मार खावा लागला. तळं सर्वांचं आहे, हा उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी आणि तळी हे शब्द आले, ते उगाच नाहीत.

आमचा पेला हलला तो १९८५ च्या उन्हाळ्यात. चांद्रवर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. त्या वर्षी तो मे महिन्याच्या शेवटी सुरू झाला. मी पंधरा वर्षांचा, हट्टानं रोजा धरलेला. दुपारनंतर डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. अंगण सारवायला येणाऱ्या मावशींनी मला भिंतीला टेकलेलं पाहिलं. ‘‘लेकराचं तोंड बघा की भाबी,’’ असं अम्मीला म्हणाल्या आणि निघून गेल्या. मगरिबच्या अजानआधी परत आल्या, त्या पदराखाली अर्धं टरबूज घेऊन. विहिरीच्या पाण्यात बुडवून गार केलेलं. अजान झाली, खजूर खाल्ला आणि पाठोपाठ त्या टरबुजाची फोड. तसा गोडवा मला पुन्हा कुठे मिळाला नाही. मावशींनी पाणी मागितलं तेव्हा अम्मी कोनाड्याकडे वळली आणि थांबली. मग आमच्या ताटाजवळचा पेला उचलून तिनं मावशींना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तो कोनाड्यातला पेला रांजणावर आला, सगळ्यांसाठी. त्यावर घरात चर्चा झाली नाही. दादीमानं फक्त तो राखेनं लख्ख घासला.

अम्मी १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची. खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या, सुकडीच्या. तेव्हा रांजण अर्धा असायचा, पण असायचा. त्यानंतर २०१६ चा उन्हाळा आला. शेजारच्या लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती बातमी ऐकताना मला वाटलं, जिथे पाण्याजवळ माणसांनी जमायचं, तिथेच जमू नका म्हणायची वेळ आली. यात फक्त पावसाचा दोष नाही. आपण बोअर पाडत गेलो, बारवा बुजू दिल्या, आमराया तोडल्या.

आता कार्यक्रमाला पाण्याचे जार येतात. पाणी थंड असतं, स्वच्छही असेल. त्याला पैसे मोजले की कुणी नाव विचारत नाही, हेही चांगलंच. पण ‘‘उन्हाचं कुठं निघालास लेकरा, टेक जरा,’’ हे त्या जारमधून येत नाही.

मी दारात अजून रांजण ठेवतो. परवा एक मेंढपाळ पोरगा पाणी प्यायला, पेला विसळून जागेवर उपडा ठेवला आणि निघाला. दोन पावलं जाऊन मागे वळला आणि म्हणाला, ‘‘काका, गोणपाट वाळलंय बघा.’’

मी उठलो आणि तांब्याभर पाणी त्याच्यावर ओतलं.