रिकाम्या आसनाचे मोल : नाट्यगृहाचे तिकीट आणि विमानाचे तिकीट

पडदा वर गेला की नाट्यगृहातील रिकामी खुर्ची त्या प्रयोगापुरती कायमची वाया जाते. विमानाने धावपट्टी सोडली की त्यातील रिकाम्या आसनाचीही तीच गत होते. धान्य कोठारात साठविता येते, कापडाचा गठ्ठा पुढील हंगामात विकता येतो. आसन मात्र उरवून ठेवता येत नाही. या साम्यामुळे दोन्ही व्यवसाय एकाच वर्गात बसविण्याचा प्रघात अर्थशास्त्रीय लेखनात पडला आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि दोन्ही तिकिटांचा इतिहास शेजारी-शेजारी ठेवून पाहिला, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी परस्परविरुद्ध मार्ग धरलेले दिसतात, आणि या विरोधाचे एक मूळ तिकिटाच्या कायदेशीर स्वरूपात शोधावे लागते.

रंगभूमीचे तिकीट हे परंपरेने धारकाचे तिकीट होय. विष्णुदास भावे यांच्या मंडळीने 1853 साली मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकही दाराशी कागद दाखवूनच आत गेला आहे. कागद कोणाच्या नावाचा, हा प्रश्न द्वारपालाला पडत नसे. मात्र या कागदाने नेमका कोणता हक्क मिळतो, याविषयी इंग्लंडमधील न्यायालये दीर्घकाळ साशंक होती. डॉनकॅस्टरच्या घोड्यांच्या शर्यतीतून बाहेर काढलेल्या एका तिकीटधारकाच्या दाव्यात 1845 साली असे ठरले, की तिकीट ही केवळ अनुज्ञा असून ती मालकाला केव्हाही मागे घेता येते. पुढे 1914 साली लंडनमधील एका चित्रपटगृहाच्या खटल्यात अपील न्यायालयाने पैसे भरून बसलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने कौल दिला. हक्क असा संदिग्ध, पण कागद मात्र सहज हस्तांतरित होणारा; या दोहोंच्या फटीतच तिकिटांचा काळाबाजार वाढला. छापील किमतीवर पन्नास सेंटांहून अधिक घेण्यास मनाई करणारा न्यूयॉर्कचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 साली एका मताच्या बहुमताने घटनाबाह्य ठरविला. होम्स, ब्रँडाइस, स्टोन व सॅनफर्ड या चार न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदविले, यावरून प्रश्न किती तटीचा होता हे कळते.

विमानाचे तिकीट निराळ्या वातावरणात जन्मले. 1929 च्या वॉर्सा कराराने ते वाहकाच्या दायित्वाचा दस्तऐवज बनविले: प्रवाशाला तिकीट न देताच त्याला विमानात घेतले, तर नुकसानभरपाईच्या मर्यादेचा आधार वाहकाला घेता येत नसे. वाहतुकीच्या अटींनुसार हे तिकीट नावाचे व अहस्तांतरणीय राहिले. प्रारंभी या गोष्टीचे आर्थिक महत्त्व फारसे नव्हते, कारण अमेरिकेत 1938 नंतर अंतर्गत दर शासकीय मंडळाच्या नियंत्रणाखाली होते. 1972 साली ब्रिटिश विमानकंपनीतील केनेथ लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला. स्वस्त दराचा प्रवासी आज स्वीकारावयाचा, तो त्याच्याकडून मिळणारे उत्पन्न त्याच आसनासाठी मागाहून महाग दराचा प्रवासी येण्याच्या संभाव्य उत्पन्नाहून अधिक असेल तोवरच. 1978 साली अमेरिकेत दर मुक्त करणारा कायदा झाला आणि या नियमाला मोकळे रान मिळाले. उड्डाणाचा दिवस जवळ येईल तसे आसन महाग होऊ लागले.

नाट्यगृहात याच्या नेमके उलट घडले. न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात 1973 साली उघडलेल्या खिडकीवर त्याच दिवसाच्या प्रयोगाची न खपलेली तिकिटे निम्म्या किमतीत मिळू लागली. 1980 साली लंडनच्या लेस्टर चौकात तशीच सोय झाली. एकाच नाशवंत वस्तूची किंमत एकीकडे अखेरच्या घटकेला चढावी व दुसरीकडे उतरावी, याचे कारण उघड आहे. उशिरा ठरवणारा विमानप्रवासी बहुधा कामाने निघालेला असतो. त्याला जाणे भाग असते. उशिरा ठरवणारा प्रेक्षक घरीही बसू शकतो. परंतु एवढ्यावर हे स्पष्टीकरण पुरे होत नाही. विमानाचे तिकीट धारकाचे असते, तर दलालांनी ते आधी स्वस्तात घेऊन अखेरीस चढ्या दराने विकले असते. तिकिटावरील नावाने तो नफा दलालाऐवजी कंपनीच्या पदरात टाकला.

कंपन्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. नोंदणी करून न येणाऱ्यांची भरपाई म्हणून आसनांहून अधिक तिकिटे विकण्याची रीत पडली. एकाच खुर्चीची दोन तिकिटे रंगभूमीवर लबाडी ठरली असती. 1972 साली राल्फ नेडर यांना तिकीट असूनही विमानात जागा नाकारली गेली, आणि 1976 साली सर्वोच्च न्यायालयाने नियामक मंडळाचे अधिकार अशा दाव्याच्या आड येत नाहीत असा निर्णय दिला. ज्युलियन सायमन यांनी 1968 मध्येच उपाय सुचविला होता: मोबदला घेऊन स्वेच्छेने मागे राहणाऱ्यांची बोली लावावी. तेव्हा त्याची चेष्टा झाली. दहा वर्षांनी मंडळाने तेच तत्त्व नियमात घेतले.

खर्चाच्या बाजूने मात्र तुलना लवकर संपते. बॉमोल व बोवेन यांनी 1966 साली दाखविल्याप्रमाणे वादकचतुष्टयाला तीच रचना वाजविण्यास पूर्वीइतकीच माणसे व तितकाच वेळ लागतो. उलट 1970 साली सेवेत आलेल्या बोइंग 747 ने एका फेरीतील प्रवाशांची संख्या कितीतरी वाढविली. नाटकाच्या उत्पन्नाला खुर्च्यांची मर्यादा, म्हणून दर वाढविण्याचा मोह. असाधारण प्रसंगी दर चढविणे आपल्याकडेही नवीन नव्हते. टिळक स्वराज्य फंडासाठी 1921 साली बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी केलेल्या संयुक्त ‘मानापमाना’चे दर नेहमीहून बरेच अधिक होते. पण तो अधिक पैसा एका सार्वजनिक कार्याकडे गेला. ब्रॉडवेवर 2001 साली ‘द प्रोड्यूसर्स’ या संगीतिकेच्या निवडक आसनांसाठी निर्मात्यांनीच 480 डॉलर आकारण्यास आरंभ केला, तो दलालांच्या हाती जाणारा पैसा स्वतःकडे वळविण्यासाठी. इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवाने 2007 साली दुसरी वाट धरली. तेथे तिकिटावर खरेदीदाराचे छायाचित्र छापले जाऊ लागले.