अध्यक्षांची घरे आणि संन्याशाची शाळा

थोर पुरुषाचे चरित्र वाचून जे उमगत नाही, ते पुष्कळदा त्याच्या घराचा उंबरठा ओलांडताच उमगते. तो कोठे निजत असे, कोणत्या खिडकीपाशी बसून लिहीत असे, त्याचे अन्न कोण शिजवी, हे सारे घर सांगते. अमेरिकेतील लोकांनी आपल्या पहिल्यावहिल्या राष्ट्राध्यक्षांची घरे ह्याच बुद्धीने जतन केली आहेत, आणि दरवर्षी लक्षावधी माणसे ती पाहावयास जातात. ह्या घरांची हकीकत नांदेड-लातूरकडील श्रोत्यांनीही ऐकण्यासारखी आहे. कारण तिच्यातून निघणारा एक प्रश्न थेट मराठवाड्याच्या दारापाशी येऊन उभा राहतो.

पोटोमॅक नदीच्या काठी, टेकडीवर, माउंट व्हर्नन हे जॉर्ज वॉशिंग्टनचे घर आहे. 14 डिसेंबर 1799 रोजी ह्याच घरात त्याचा देह पडला. इतक्या मोठ्या पुरुषाचे घर राष्ट्राने तत्काळ ताब्यात घेऊन जपले असेल, असे कोणासही वाटेल. तसे मुळीच घडले नाही. घर वारसांकडे राहिले, शेती पिकेना, डागडुजीस पैसा पुरेना. 1853 साली आगबोटीतून जाणाऱ्या एका बाईंना ते मोडकळीस आलेले दिसले. त्यांनी ही व्यथा आपल्या मुलीस पत्राने कळविली. ही मुलगी म्हणजे ॲन पामेला कनिंगहॅम. घोड्यावरून पडल्यामुळे तिची प्रकृती कायमची अधू झाली होती. परंतु तिने वृत्तपत्रांतून स्त्रियांस आवाहन केले, संस्था उभारली, आणि 1858 साली दोन लक्ष डॉलरना ते घर व भोवतालची 200 एकर जमीन विकत घेण्याचा करार केला. आजही त्या घराची मालकी सरकारकडे नसून त्याच स्त्रियांच्या संस्थेकडे आहे.

तिसरा अध्यक्ष टॉमस जेफर्सन ह्याच्या माँटिसेलो ह्या घराची कथा याहून चमत्कारिक आहे. 4 जुलै 1826 रोजी जेफर्सन वारला तो डोईवर मोठे कर्ज ठेवून. पुढे घरातील चीजवस्तू आणि घरही विकले गेले. 1834 साली युरिया लेव्ही नावाच्या एका ज्यू नौदल अधिकाऱ्याने ते खरेदी केले, आणि त्याच्या घराण्याने ते सांभाळले म्हणून वाचले. ज्या दिवशी जेफर्सन गेला त्याच दिवशी दुसरा अध्यक्ष जॉन ॲडम्स हाही वारला. त्याचे क्विन्सी येथील घर मात्र पिढ्यानपिढ्या कुटुंबातच राहिले आणि 1946 साली कुटुंबाने ते राष्ट्रास अर्पण केले.

परंतु घर जपणे निराळे आणि घराचे सत्य जपणे निराळे. वॉशिंग्टन वारला त्या वर्षी माउंट व्हर्ननच्या शेतीवर 317 गुलाम राबत होते. त्यांपैकी जे त्याच्या स्वतःच्या मालकीचे होते त्यांच्या मुक्ततेची तजवीज त्याने मृत्युपत्रात केली, हे खरे. पण सर्व मनुष्ये समान आहेत अशी घोषणा ज्याच्या लेखणीतून उतरली, त्या जेफर्सनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, आणि त्याच्या कर्जापायी त्यांतील पुष्कळांचा त्याच्या मृत्यूनंतर लिलाव झाला. कितीतरी वर्षे प्रेक्षकांना दिवाणखाना दाखवीत आणि गुलामांच्या खोल्यांविषयी मौन पाळीत. आता त्या खोल्याही दाखवितात. ॲडम्सने मात्र गुलाम कधीच बाळगले नाहीत, आणि त्याचे घर ह्या तिघांत सर्वांत साधे आहे.

आता प्रश्न असा की, मराठवाड्याने आपल्या अध्यक्षाचे कोणते घर पाहावयास जावे? हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविणारे स्वामी रामानंद तीर्थ ह्यांना घरच नव्हते. 3 ऑक्टोबर 1903 रोजी सिंदगी येथे जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर कामगार पुढारी ना. म. जोशी ह्यांच्या हाताखाली काम करून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, आणि पुढे संन्यास घेऊन रामानंद तीर्थ झाले. संन्याशाला वाडा कसला आणि दिवाणखाना कसला! त्यांची घरे म्हणावयाची तर दोनच प्रकारची: शाळा आणि तुरुंग.

ह्या शाळांचे मोल कळण्यास त्या काळचे निजामी राज्य ध्यानात आणावे लागते. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलास आपल्या भाषेत उच्च विद्या नव्हती. ‘गश्ती निशान 53’ ह्या फर्मानामुळे परवानगीवाचून सभा भरविणे अशक्य होते. जेथे सभेला बंदी तेथे शाळेचा वर्ग हीच सभा होते. 1921 साली निघालेली हिप्परग्याची शाळा अशीच होती. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात आहे. पण 1982 साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूर आणि हिप्परगा एकाच जिल्ह्यात नांदत होते. पुढे स्वामीजी अंबाजोगाईस योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले, आणि 1938 साली स्टेट काँग्रेसवर बंदी येताच अध्यापनाचा खडू खाली ठेवून सत्याग्रहात उतरले. 15 ऑगस्ट 1947 रोजी सारा देश दिवे लावीत असता त्यांना अटक झाली. आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली तेव्हाही ते तुरुंगातच होते.

स्वातंत्र्यानंतरही त्यांनी घर मांडले नाही. त्यांनी पुन्हा शाळा-महाविद्यालयेच मांडली. नांदेडचे पीपल्स कॉलेज 1950 साली त्यांच्याच प्रेरणेने उभे राहिले. 1994 साली मुक्तिदिनाच्याच तारखेस नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले गेले. समाधी मात्र हैदराबादेत बेगमपेठेस आहे.

22 जानेवारी 1972 रोजी स्वामीजी निवर्तले, त्याला आता अर्धशतक उलटून गेले. वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर साधारण इतक्याच अवधीने ती बाई आगबोटीतून जात होती. ज्या माणसांनी प्रत्यक्ष पाहिले ती नाहीशी होतात आणि ज्यांनी केवळ ऐकले त्यांच्या हाती वास्तू येते, असा हा काळ असतो. वास्तू टिकते की पडते हे ह्याच काळात ठरते, आणि ते सरकारपेक्षा वाटेने जाणाऱ्या एखाद्याच्या नजरेवर अधिक अवलंबून असते.

लातूर मध्ये धरले तर दक्षिणेस हिप्परगा आणि उत्तरेस अंबाजोगाई आहे. सुटीत मुलांना दूरचे किल्ले व राजवाडे दाखविणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस ह्या वाटेसही द्यावा. तेथे झुंबरे नाहीत, गालिचे नाहीत. पण ज्या माणसाने कोणासही राबविले नाही आणि स्वतःसाठी काही राखले नाही, त्याच्या घरात कोणती खोली मुलांपासून झाकून ठेवावी, ही चिंता तेथे आईबापांना पडणार नाही.