प्रोग्रामरचे टेबल

महाराष्ट्रातल्या संगणकाचा इतिहास आजवर लिहिला गेला तो यंत्रांचा, संस्थांचा आणि कंपन्यांचा. टीआयएफआरचा टिफ्रॅक, टाटांची टीसीएस, पुण्याच्या सी-डॅकचा परम हे टप्पे आता शाळेतली मुलेही सांगतात. पण ज्या टेबलाशी बसून प्रोग्राम लिहिले गेले ते टेबल कसे मांडले गेले, त्यावर काय काय होते आणि मुख्य म्हणजे ते कोणाच्या मालकीचे होते, याची नोंद फारशी कुठे सापडत नाही. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी अनेक वर्षे अकाउंट्सला होते. तिथल्या संगणकाच्या कपाटातली जुनी बिले, कोटेशनच्या चिठ्ठ्या आणि फ्लॉपींचे डबे नोकरी सुटताना मी मागून घेतले. पुढे आसपासच्या कारखान्यांतूनही असाच ऐवज जमत गेला. हा लेख मुख्यतः त्या ऐवजावर आणि जोडीला केलेल्या वाचनावर उभा आहे.

सुरुवात मात्र मुंबईतून करावी लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधायला घेतला गेला, तेव्हा बाजारातून आणून टेबलावर ठेवावे असे यंत्र देशात नव्हतेच. १९५६ मध्ये छोटा प्रायोगिक संगणक तयार झाला, मोठा १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक. आणि हे सगळे १८ फूट लांब, ८ फूट उंच पोलादी कपाटात. स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. हिशेब केला तर ती दहा किलोबाइट भरते. पुढे आमच्याकडे ज्या साडेतीन इंची फ्लॉपी आल्या, त्यांतल्या एकीत टिफ्रॅकची सगळी स्मृती बरोबर १४४ वेळा मावली असती.

आकड्यांची ही गंमत सोडून द्या. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. टिफ्रॅकवर प्रोग्राम लिहायचा तो शून्य आणि एकच्या यंत्रभाषेत. हाताशी संपादक नाही, भाषांतर करून देणारा कंपायलर नाही. प्रोग्रामरचे 'टेबल' म्हणजे यंत्रासमोरचा नियंत्रणफलक, आणि तिथे बसायचे ते आपला क्रम आला की. यंत्र बांधणारे आणि प्रोग्राम लिहिणारे एकाच छपराखाली होते, म्हणून अडलेले विचारायला शेजारच्या खोलीपर्यंत गेले की भागत असे. पण ते टेबल संस्थेचे होते.

पुढची वीस-पंचवीस वर्षे यात मूलभूत फरक पडला नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकन सीडीसी ३६०० आला, पवईच्या आयआयटीत सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क आला. फोर्ट्रान आली, छिद्रित कार्डे आली. प्रोग्रामर यंत्रापासून उलट दूर गेला. त्याच्या टेबलावर आता कोडिंग शीट, पेन्सिल, खोडरबर आणि कार्डांचा गठ्ठा. गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि छापील कागदाची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला की फेरी वाया.

यातला सर्वांत बोलका प्रसंग टीसीएसच्या सुरुवातीच्या दिवसांतला आहे. बरोज कंपनीच्या यंत्रासाठी रुग्णालयाच्या हिशेबाचा प्रोग्राम एका कोबॉलमधून दुसऱ्या कोबॉलमध्ये उतरवायचे काम फकीरचंद कोहलींच्या माणसांनी घेतले. बरोज यंत्र परवाने आणि आयातशुल्काच्या वाटेवर होते. तेव्हा मंडळींनी हाताशी असलेल्या आयसीएल १९०३ वरच एक चाळणीवजा प्रोग्राम लिहिला, जो या यंत्रावर बसून त्या यंत्राची कोबॉल तयार करून देईल. यंत्र समोर नसताना त्या यंत्रासाठी काम. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात निघाली, पण तिला स्वतःचा संगणक मिळायला १९८३ उजाडले, आणि तोही बंगळूरला. ज्यांच्या हाती पुढे एवढे वैभव आले त्यांनाही टेबल मिळवायला दोन वर्षे लागली, तिथे अंबरनाथच्या आयटीआय झालेल्या मुलाची काय कथा!

संगणक घरोघरी आला तो १९९१ च्या उदारीकरणाने, असे सर्रास म्हटले जाते. कंपन्यांच्या बाबतीत ते ठीक आहे. पण माझ्याकडची बिले आणि चिठ्ठ्या पाहता टेबलाच्या बाबतीत मला ते पटत नाही. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने सुट्या भागांची वाट मोकळी केली, आणि ते भाग ज्या गल्लीत येऊन पडले ती गल्ली आधीपासून तयार होती. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा मूळचा रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार. व्हॉल्व्ह, कंडेन्सर आणि ट्रान्झिस्टर विकणाऱ्यांना मदरबोर्ड विकणे काही परके नव्हते. धोरण दिल्लीत ठरले, पण संगणक 'जोडता' येतो हे सामान्य माणसाला या गल्लीने शिकवले.

आमच्याकडून तिथे जायचे म्हणजे अंबरनाथहून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. परत येताना मॉनिटरचे खोके आणि संध्याकाळची कर्जत लोकल. ज्याने हे केले आहे त्याला वेगळे सांगायला नको. मॉनिटर मालडब्यातूनच आणावा लागे. कोटेशनची चिठ्ठी कार्बन कागदावरची असे: कॅबिनेट एसएमपीएससह, मदरबोर्ड, ४८६ प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, दोन फ्लॉपी ड्राइव्ह, कीबोर्ड. एकेका भागापुढे किंमत. शेवटी बहुतेक ठिकाणी एक ओळ: 'सॉफ्टवेअर लोडिंग फ्री'. या ओळीकडे पुन्हा येते.

उल्हासनगरच्या मालावरचा 'मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जुना विनोद तिथले लोक स्वतःच हसत सांगतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या निर्वासितांनी हाताने जोडून, शिवून, ठोकून उभे केलेले हे गाव. संगणक जोडणाराही इथे चटकन तयार झाला याचे मला आश्चर्य वाटत नाही. 'असेंबल्ड' हा शब्द आमच्याकडे कमीपणाचा कधी नव्हताच.

आता जोडणी. भाग आणले म्हणजे टेबल झाले असे नाही. पहिली अडचण विजेची. आमच्याकडच्या बऱ्याच चाळींत आणि गाळ्यांत सॉकेट तीन पिनांचे असे, पण अर्थिंगची तार जोडलेलीच नसे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. जाणता माणूस आधी टेस्टर लावून पाही आणि मगच पुढे बोले. मग स्टॅबिलायझर, आणि ऐपत असेल तर यूपीएस. त्यानंतर हार्ड डिस्कमागचा इवलासा जंपर: मास्टर की स्लेव्ह. मग बायोसमध्ये जाऊन डिस्कची मापे भरायची, फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे, एफडिस्कने डिस्कचे भाग पाडायचे, फॉरमॅट द्यायचे, डॉस चढवायचे. शेवटी दोन लहानशा फाइली, कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट. डॉसच्या वाट्याला मूळ स्मृती ६४० किलोबाइटच. त्यात कोणता ड्रायव्हर आधी आणि कोणता वर सरकवायचा यावर तुमचा कंपायलर चालणार की रडणार हे ठरे. या दोन फाइलींच्या हाताने लिहिलेल्या प्रती माझ्याकडे वह्यांत आहेत. पाककृतींच्या वहीसारख्याच, कोपऱ्यात 'हे चालले' अशी खूण केलेल्या.

मला वाटते, अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या पहिल्या पिढीच्या प्रोग्रामरांचे खरे शिक्षण या ओळींत झाले. क्लासमध्ये भाषा शिकवत. यंत्र सुरूच झाले नाही तर काय, हे कोणी शिकवत नसे. सी शिकायला नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' होते आणि त्याचा उपकार मोठा. पण टर्बो सीमध्ये इन्क्लूड आणि लिब या फोल्डरांचा पत्ता चुकला तर पुस्तकातला पहिला साधा प्रोग्रामही चालत नसे. तो पत्ता शेजारच्या इमारतीतला कोणी दादा येऊन भरून देई, चहा घेई आणि जाई. त्याचे नाव कोणत्याही इतिहासात यायचे नाही.

आता त्या 'सॉफ्टवेअर लोडिंग फ्री'विषयी. संगणक-प्रोग्रामला भारतीय कॉपीराइट कायद्याने १९८४ मध्येच संरक्षण दिले होते. १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ पासून लागू झाली आणि चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही शिक्षा आली. तरी आमच्या भागातल्या बहुतेक टेबलांवरचे डॉस, टर्बो सी आणि फॉक्सप्रो हे एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरलेले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. याचे उदात्तीकरण मी करणार नाही. लिहिणाऱ्याचे कष्ट फुकट घेतले गेले, आणि त्याच चालीने या मुलांनी लिहिलेले प्रोग्रामही पुढे शेजारच्या गाळ्यात विनामोबदला पोचले. 'फ्लॉपी देतो, कॉपी करून दे' हे वाक्य दोन्ही बाजूंनी कापत होते.

यातून सुटण्याची वाट परदेशातून आली. रिचर्ड स्टॉलमनच्या चळवळीतून १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर निघाला, १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्सचे लिनक्स आले, आणि नव्वदीच्या उत्तरार्धात 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबतच्या सीडीवर ते सगळे स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर येऊन पडले. मासिकाच्या किमतीत, कायद्याने आपले. पण माझ्या संग्रहात अशा सीडी कोऱ्या करकरीत आहेत, आणि फॉक्सप्रोच्या फ्लॉपी झिजलेल्या. कारण सोपे आहे. कारखान्यांना हवे होते पगारपत्रक, मालाचा साठा आणि अबकारीची आरजी-१ व आरजी-२३ ही रजिस्टरे. ते काम फॉक्सप्रोत चार आठवड्यांत उभे राही.

या टेबलावर मराठी कुठे होती? अधिकृत उत्तर असे की मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी कानपूरच्या आयआयटीत सुरू केलेले जिस्टचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले, त्यातून संगणकात बसवायचे जिस्ट कार्ड मिळाले, इनस्क्रिप्टचा कळफलक ठरला, १९९१ मध्ये इस्कीचे प्रमाणीकरण झाले. हे काम थोर आहेच. पण हे कार्ड सरकारी कचेऱ्या, छापखाने यांच्यासाठी. आनंदनगरच्या गाळ्यात त्यासाठी वेगळे पैसे कोण मोजणार?

माझ्या फ्लॉपींनी मात्र वेगळे उत्तर दिले. त्या वाचायलाच आधी टेबल मांडावे लागले. भंगारवाल्याकडून जुना मदरबोर्ड, सव्वापाच इंची ड्राइव्ह, सपाट केबल, आणि पुन्हा तीच एफडिस्क, तीच दोन फाइलींची वही. आमच्याकडच्या पावसाने बऱ्याच फ्लॉपींना बुरशी धरली आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूर-कल्याणकडच्या तळमजल्यांवरचे जे बुडाले, त्याचा तर हिशेबच नाही. आणि जे पुरातून वाचले ते १ जुलै २०१७ ला गेले. जीएसटी आला, अबकारीची रजिस्टरे संपली, त्यांचे प्रोग्राम निरुपयोगी झाले आणि संगणक किलोच्या भावाने विकले गेले. सरकारी कागद जाळायलाही नियम आहेत. या प्रोग्रामांना साधी पोचपावतीही मिळाली नाही. ज्यांच्याकडे अजून असे डबे असतील त्यांनी ते फेकण्याआधी कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावेत आणि एखाद्या ग्रंथालयाला विचारून पाहावे, एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही.

तर, ज्या फ्लॉपी उघडल्या त्यांत एक पगाराचा प्रोग्राम आहे. फॉक्सप्रोच्या तक्त्यात रकान्याचे नाव जास्तीत जास्त दहा अक्षरांचे. लिहिणाऱ्याने इंग्रजी नावे दिलेलीच नाहीत. रोमन लिपीत, पण रकाने असे: हजेरी, रोजी, उचल, खाडे, हाती. म्हणजे कामगाराच्या हाती पडणारी रक्कम. दुसऱ्या एका फ्लॉपीवरच्या साठ्याच्या प्रोग्राममध्ये आवक, जावक, शिल्लक आणि 'तूट'. कार्ड नव्हते, फॉन्ट नव्हता, तरी भाषा यंत्राच्या पोटात जाऊन बसली होती. पडद्यावर मात्र सगळी शीर्षके इंग्रजीत, मालकासाठी.

पगाराच्या त्या प्रोग्राममध्ये तारांकन करून लिहिलेल्या टिपा आहेत. यंत्र त्या वाचत नाही. त्या पुढच्या माणसासाठी असतात. एका ठिकाणी बजावले आहे की महिन्यात पगार दोनदा चालवला तर उचल दुसऱ्यांदा कापली जाऊ नये, आणि त्याखाली ती अडवणाऱ्या चार ओळी आहेत. फाइलीवरची तारीख १९९७ च्या दिवाळीआधीच्या आठवड्यातली आहे. लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव कुठेच घातलेले नाही.