आजीमार्गे स्पेन

स्पेनमध्ये जन्मनोंदीची शब्दशः नक्कल मिळते, तिला ‘पार्तिदा लितेराल’ म्हणतात. नोंदवहीतलं पान जसंच्या तसं, समासातल्या शेऱ्यांसकट. जुन्या नोंदींत बाळाच्या नावाबरोबर आईबापांची आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांचीही नावं असतात. ही वही १८७१ पासूनची. त्याआधीचं काही हवं असेल, तर गावच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं पुस्तक शोधायचं; यादवी युद्धात ते चर्चबरोबर जळालं नसेल तर! ऑक्टोबर २०२२ ते ऑक्टोबर २०२५ या तीन वर्षांत अर्जेंटिना, क्युबा, मेक्सिकोतली असंख्य घरं या एका कागदामागे लागली होती. स्पेनने परदेशी जन्मलेल्या वंशजांना नागरिकत्वाचं दार मुदतीपुरतं उघडलं होतं. लोकांनी त्या कायद्याला नाव दिलं ‘लेय दे निएतोस’, म्हणजे नातवंडांचा कायदा.

या कायद्याचा माग काढत मागे गेलं, की नातवंडांपेक्षा आजीच जास्त भेटते.

१८१२ च्या कादिस संविधानाने स्पॅनिश राष्ट्राची व्याख्या ‘दोन्ही गोलार्धांतले स्पॅनिश’ अशी केली होती. पुढच्या काही वर्षांत पलीकडचा गोलार्ध बहुतांशी हातून गेला आणि नागरिक कोण, हे नव्याने ठरवायची वेळ आली. १८८९ च्या दिवाणी संहितेतलं सतरावं कलम वाचायला उदार आहे : स्पॅनिश बापाची किंवा आईची मुलं परदेशात जन्मली तरी स्पॅनिशच. मेख बाविसाव्या कलमात होती. विवाहित स्त्रीचं राष्ट्रीयत्व नवऱ्याचं तेच तिचं. ही कल्पना नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेतून आलेली. परदेशी माणसाशी लग्न केलं, की बाई स्पॅनिश उरत नसे. मग तिचं मूल स्पॅनिश आईचं ठरणार कसं? सतराव्या कलमाने दिलेलं बाविसाव्याने काढून घेतलं. उलट लग्नाशिवाय आई झालेल्या बाईचा देश मात्र मुलाला मिळे.

समजा, गलिसियातली एक मुलगी १९३० मध्ये आईबापांबरोबर ब्वेनोस आयरेसच्या धक्क्यावर उतरली. तिथे स्पेनच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेल्याला ‘गाय्येगो’, म्हणजे गलिसियाचा, असंच म्हणतात. ही तर खरोखरच तिथली. १९५० मध्ये तिने एका इटालियनाशी लग्न केलं. आडनाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण स्पॅनिश बाई लग्नानंतरही माहेरचीच दोन्ही आडनावं लावते. आडनाव राहिलं, देश गेला. १९५२ मध्ये तिला मुलगी झाली, ती स्पॅनिश नव्हे.

दुसरी वाट हद्दपारीची. १९३९ मध्ये यादवी युद्धात फ्रँको जिंकला आणि हरलेल्या बाजूची माणसं बोटींत बसली. ‘सिनाइया’ मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला लागली, तर पाब्लो नेरुदाने जुळवलेली ‘विनिपेग’ सुमारे २,२०० जणांना घेऊन चिलीच्या व्हाल्पाराइसोला. या लोकांनी आसरा देणाऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की जुनं गळून पडे.

लग्नाची अट १९५४ मध्ये सैल झाली. लग्नामुळे राष्ट्रीयत्व आपोआप बदलणं १९७५ मध्ये थांबलं आणि १९७८ च्या संविधानाने स्त्रीपुरुष समान ठरवले. पण आधी पुसल्या गेलेल्या बायकांच्या लेकरांचं काय? २००७ च्या ऐतिहासिक स्मृती कायद्याने डिसेंबर २००८ ते डिसेंबर २०११ अशी खिडकी उघडली. मूळ स्पॅनिश व्यक्तीच्या मुलांना अर्ज करता आला. नातवंडांना मात्र आजीआजोबांची हद्दपारी दाखवावी लागे. सुमारे पाच लाख अर्ज आले. आपल्या गलिसियन आजीची मुलगी या खिडकीतून आत जाऊ शकत होती. तिच्यामागून अठराच्या आतलं मूल जाऊ शकलं असतं, पण १९८० मध्ये जन्मलेला तिचा मुलगा बाहेरच. एकाच घरात धाकटा स्पॅनिश आणि थोरला परका, असं चित्र त्यातूनच तयार झालं.

मग २०१५ आलं. १४९२ च्या फर्मानाने हाकललेल्या सेफार्दी यहुद्यांच्या वंशजांना स्पेनने नागरिकत्व देऊ केलं. पाच शतकांपूर्वीच्या पूर्वजावर परदेशातून दावा करता येऊ लागला. त्याच काळात आपल्या आजीच्या सज्ञान नातवाला सांगितलं जाई, आधी वर्षभर कायदेशीरपणे स्पेनमध्ये राहा, मग बोला. पाचशे वर्षांमागचा पूर्वज चालत होता, रविवारी जेवायला बोलावणारी आजी चालत नव्हती.

२०२२ च्या लोकशाही स्मृती कायद्याने हे सारं एकत्र बांधलं. १८ जुलै १९३६ ते ३१ डिसेंबर १९५५ या काळात देश सोडलेल्यांची हद्दपारी गृहीत धरली. त्यानंतर, डिसेंबर १९७८ पर्यंत, गेलेल्यांची कागदोपत्री दाखवायची. १९७८ च्या संविधानापूर्वी परक्याशी लग्न करून राष्ट्रीयत्व गमावलेल्या बायकांची मुलं आत आली. अशा रीतीने स्पॅनिश झालेल्यांची सज्ञान मुलंही आली. म्हणजे आधी मुलीने अर्ज करायचा आणि तिच्यामागून नातवाने.

नातवाची नोंद होते ती स्पॅनिश रिवाजाने, दोन आडनावांनी : पहिलं बापाचं, दुसरं आईचं. आजी लोपेस, तिचा नवरा रोस्सी, म्हणून मुलगी रोस्सी लोपेस. नातवाला आईकडून मिळतं ते रोस्सी, एका इटालियनाचं. ज्या लोपेसमुळे तो स्पॅनिश झाला, ते त्याच्या नावात कुठेच नाही. ते फाइलीत सर्वांत खाली लावलेल्या पार्तिदावर आहे.