बारसे न झालेले ओतीव

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरचा इतिहास खाली उतरतो आणि बहुधा तसाच भंगारवाल्याच्या तागडीत जातो. मागे एकदा आमच्या आंबवड्यात शेजारच्या मुलाने असाच एक बोजड तुकडा माझ्यापुढे आणून ठेवला. "गुरुजी, आजोबा पुण्याला कारखान्यात होते ना, त्यांच्या ट्रंकेत निघालं. किलोवर घालू का?"

तुकडा मोटरसायकलच्या इंजिनाच्या पोटाचा, म्हणजे क्रँककेसचा, अर्धा भाग होता. अंग वाळूसारखे खरखरीत. भोक नाही, आटे नाहीत. लोहचुंबक चिकटेना, म्हणजे धातू अॅल्युमिनियमचा. यंत्रावर न चढलेले कच्चे ओतीव!

वाचकहो, भोरहून मांढरदेवीचा घाट उतरून वाईकडे गेलात, तर मेणवलीच्या घाटावरची घंटा पाहा. 1739 च्या वसईच्या मोहिमेतली ही लूट. तिची जात सांगतात ती तिच्या अंगावरची उठावाची चिन्हे. ओतीवाचेही तसेच. लाकडी पॅटर्नवर जे उठवावे ते वाळूत उमटते आणि धातूवर पुन्हा उठून येते. उठावाचा अंक हा जन्मखूण; इंजिनाचा नंबर मात्र मागाहून ठोकलेला, खोलगट, म्हणजे बारशाचे नाव. आमच्या तुकड्यावर जन्मखूण होती, बारसे झालेले नव्हते.

या विद्येचा मराठी मुलखातला मोठा अध्याय लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. बेळगावात सायकली विकणाऱ्या या माणसाने 1903 साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि 1910 मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओतकामाचा हात असा गावोगाव पसरला. कोल्हापूरच्या उद्यमनगरीने तर त्यावरच नाव मिळवले.

मोटरसायकलींची कथा निराळी नाही. लष्कराने बुलेट पत्करली, 1955 मध्ये मद्रासेत एनफिल्ड इंडिया निघाली, आणि विलायतेहून येणारे भाग हळूहळू इथेच ओतले जाऊ लागले. पुढे विलायतेतला मूळ कारखाना बंद पडला. मद्रासची भट्टी चालूच राहिली.

मग ओळखायचे कसे? नुसत्या अंकावर भिस्त ठेवू नये. एकाच ओतीवाला निरनिराळी भोके पाडून दोन-तीन मॉडेले साधीत, म्हणून ओतीवावरचा अंक सुट्या भागांच्या यादीत सापडेलच असे नाही. तयार भाग शेजारी ठेवून घाट ताडावा. कच्चा भाग किंचित जाड दिसेल. ती घासाईसाठी राखलेली धातूची भर.

किमतीचा हिशेबही घरगुती आहे. तयार भागाला जे मोल येईल, त्यातून घासाईची मजुरी वजा करावी आणि दगाफटक्याची जोखीमही वजा करावी. लाकडी हातोडीने टिचकी मारावी. आवाज बद्द आला तर तडा असण्याचा संशय घ्यावा. आतून रॉकेल लावून बाहेर खडू फासावा. डाग फुटला तर चीर आहे. भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ असेल, तर ओतताना आतला गाभा सरकलेला असतो. अशा तुकड्याला भंगाराचाच भाव.

पण निकोप असेल तर एक गंमत आहे. क्रँककेसचे दोन भाग जोडीने घासलेले असतात. दुसऱ्या गाडीचा तयार अर्धा भाग आपल्या अर्ध्याला सहसा नीट बसत नाही. कच्चा भाग मात्र ज्याच्याशी संसार करायचा त्याच्याच मापाने घडवता येतो. ज्याच्या गाडीचा एक भाग फुटला, त्याला हा तुकडा सोन्याचा.

मोहही तिथेच आहे. कोऱ्या अंगावर जुना नंबर ठोकून तो अस्सल म्हणून खपवणारे महाभाग असतात. मी मुलाला बजावले, "नंबर सरकारदरबारी नोंदवूनच पडू दे. खोट्या बारशाने वंश जुना होत नाही."

त्याने तुकडा विकला नाही. पाडव्याला ओतीवाला हळदकुंकू लागले. त्यावर एक चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीत आजोबांचे नाव आणि वस्तू कोठून आली ते लिहिलेले. मी म्हणालो, "हीच जपून ठेव. उद्या गिऱ्हाईक आले, तर आधी ही वाचायला दे आणि मगच भाव सांग."